उपदेशकाची साक्ष कोणाकडे मागावी? घरच्यांकडे की मंडळीकडे?

माळीवाडा

ख्रिस्ती पुढारी ज्या श्रद्धेचा उपदेश करतात ती स्वतः जगतात की नाही, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा दोनच प्रसंगी निघतो. एखाद्या पाळकाचे, म्हणजे चर्चच्या धर्मोपदेशकाचे, प्रकरण वर्तमानपत्रात आले की निघतो आणि एखाद्या थोर सेवकाची पुण्यतिथी आली की निघतो. पहिल्या प्रसंगी सगळे ढोंगी ठरतात, दुसऱ्या प्रसंगी सगळे संत ठरतात, आणि दोन्ही वेळा निवाडा देणाऱ्यांनी त्या माणसाला काय ते उपासनेच्या वेळी, व्यासपीठावर उभा असतानाच पाहिलेले असते. माझे म्हणणे असे की ही साक्ष त्याच्या घरच्यांकडे मागावी. त्याच्या पंक्तीला रोज बसणाऱ्यांकडे, त्याच्या रागाची आणि उधारीची झळ सोसलेल्यांकडे मागावी. ही काही माझी नवी कल्पना नव्हे. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्षाच्या अंगी काय असावे हे सांगताना स्वतःच्या घराची व्यवस्था नीट ठेवण्याची अट घातली आहे, आणि ज्याला आपले घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी, म्हणजे चर्चमधला भाविकांचा समुदाय, कशी सांभाळणार, असे तेथे सरळ विचारले आहे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आपल्या पास्टोरेट कमिट्या पाळकाची पदवी पाहतात, आवाज पाहतात, भजन-कीर्तन येते का ते पाहतात. हा अध्याय मात्र दीक्षाविधीच्या दिवशी वाचला जातो आणि मिटला जातो.

मराठी ख्रिस्ती समाजाचे भाग्य असे की त्याच्याकडे अशी घरची साक्ष लेखी स्वरूपात आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याविषयी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी जे लिहिले ते आज आपण ‘स्मृतिचित्रे’ म्हणून वाचतो. चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते आणि त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात अशी त्यांची इच्छा होती. त्यातून निघाले ते एक स्वतंत्रच पुस्तक, आणि त्याचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. या पुस्तकातले टिळक चरित्रग्रंथांतल्या टिळकांसारखे गुळगुळीत नाहीत. ते शीघ्रकोपी आहेत, न सांगता घरातून निघून जातात, हाती आलेला पैसा दुसऱ्याची अडचण दिसताच देऊन टाकतात आणि घरात काय शिजणार याचा विचार बायकोवर सोपवतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तोही पत्नीला विश्वासात न घेता, आणि त्यानंतरची काही वर्षे लक्ष्मीबाईंनी लहान मुलाला घेऊन, नवरा जिवंत असून नसल्यासारख्या स्थितीत, आधी पंढरपुरात आणि मग इतरत्र काढली.

हे सगळे मान्य करूनही मला वाटते की टिळक या परीक्षेत उतरतात, आणि त्याची कारणे त्याच पुस्तकात आहेत. लक्ष्मीबाई नगरला आल्यावर सोवळे पाळत राहिल्या तेव्हा टिळकांनी त्यांच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाशी सोडवला, स्वतःच सोवळे सोडले आणि १९०० साली स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. ज्या माणसाचा पेशाच धर्मोपदेशाचा आहे त्याने स्वतःच्या घरात इतकी वर्षे थांबून राहावे, याला मी व्यासपीठावरच्या शंभर प्रवचनांपेक्षा जास्त मोल देतो. दुसरी गोष्ट १९१७ सालची. परदेशी मिशनचा पगारी नोकर म्हणून आपण बोलतो तोवर आपले लोक आपले ऐकणार नाहीत, अशी त्यांची खात्री झाली आणि त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली. वयाची पंचावन्न वर्षे उलटून गेलेली, प्रकृती ढासळत चाललेली, आणि अशा वेळी त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते वारले, म्हणजे दरबाराला दोन वर्षेही मिळाली नाहीत.

पुढाऱ्याची श्रद्धा तपासण्याची ही घरची कसोटी आपणांस मान्य आहे काय? नसेल तर दुसरी कोणती?

संशयात्मा

मी ख्रिस्ती नाही, परंतु लक्ष्मीबाईंचे पाठ शाळेत शिकलो आहे आणि मूळ पुस्तक नंतर आवडीने वाचले आहे. आपण ज्या साक्षीदाराला उभे केले तिच्या साक्षीवरून मी नेमका उलट निष्कर्ष काढला असता. पत्नीला न सांगता धर्म बदलणारा आणि तिला समाजाच्या तोंडी देणारा माणूस नंतर कितीही संयमाने वागला तरी त्याचा हिशेब चुकता होतो असे मला वाटत नाही. त्यांनी सक्ती केली नाही याचे श्रेय आपण त्यांना देता. जे करायलाच नको होते ते केले नाही, याचे श्रेय किती द्यावे?

दुसरे असे की प्रश्न एका टिळकांचा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले तेव्हा तेथे कोणाच्या धर्मात हस्तक्षेप होणार नाही असे वचन दिले गेले होते. सदन पुण्याला आल्यावर त्यांच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या आणि १८९३ साली रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीच सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पुढे दुष्काळात तर हजारो उपाशी जीव मिशनांच्या आश्रयाला आले आणि त्यांतले पुष्कळ ख्रिस्ती झाले. उपाशी मुलाच्या हाती भाकरी देऊन नंतर त्याच्या डोक्यावर पाणी घालणे म्हणजे श्रद्धा जगणे की आपली संख्या वाढवणे? कठोर लिहितो आहे याची जाणीव आहे, पण प्रश्न तुम्हीच विचारला आहे.

पाळकघरची

मी पाळकाच्या घरी वाढले, त्यामुळे ‘घरच्यांकडे साक्ष मागा’ हे वाचून मला जरा हसू आले. पाळकाच्या घरातली माणसे साक्ष द्यायला मोकळी असतात असे धागाकर्त्यांना वाटते काय? राहते घर मंडळीचे, बदली डायोसिसच्या (धर्मप्रांताच्या) हातात, पगार कधी वेळेवर तर कधी सणानंतर, आणि मुलांच्या फीची सवलतही बहुतेक वेळा मिशनच्याच शाळेत. वडिलांविषयी एक वाकडा शब्द आम्ही बाहेर बोललो असतो तर सगळ्या कुटुंबाचे बिऱ्हाड हलले असते. माझे वडील प्रामाणिक होते, हे मी आज मोकळेपणाने सांगू शकते, कारण आता त्यांना आणि मला कोणाचीच भीती उरलेली नाही. तेव्हा मात्र विचारले असते तर ते प्रामाणिक असोत वा नसोत, मी तेच उत्तर दिले असते.

टिळकांच्या दानशूरपणाविषयीही एक बोलायचे आहे. घरातला पुरुष गरजवंताला पैसे देऊन टाकतो तेव्हा त्या दानातला मोठा वाटा बायकोचा असतो, कारण त्यानंतर उधारी मागायला वाण्याकडे तिला जावे लागते. लक्ष्मीबाईंनी अशा प्रसंगांना विनोदाची फोडणी दिली म्हणून आपण ते हसत वाचतो. आजही आमच्या मंडळ्यांत पाळकाची नेमणूक होते तेव्हा त्याच्याबरोबर पाळकीणबाईंचीही होते. रविवारची शाळा, महिला मंडळ, आजाऱ्यांच्या भेटी, बाहेरगावाहून आलेल्या उपदेशकांचे जेवण, हे सारे त्यांनीच करायचे आणि पगाराच्या पुस्तकात त्यांचे नाव कधी यायचे नाही. पाळकाच्या श्रद्धेची परीक्षा घ्यायचीच असेल तर त्या श्रद्धेची किंमत कोण मोजतो आहे, हे आधी विचारावे.

माळीवाडा

पाळकघरची ताई, आपला मुद्दा मला पूर्णपणे पटला आणि त्याकडे मी पुन्हा येईन. आधी संशयात्मा यांच्या रमाबाईंविषयीच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण ते प्रकरण वाटते त्याहून गुंतागुंतीचे आहे.

शारदासदनात मुलींना आपापले आचार पाळण्याची मुभा होती आणि स्वयंपाकपाण्यातही त्यांचे सोवळे सांभाळले जात असे, हे विरोधकांनीही नाकारलेले नाही. वाद होता तो रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेवरून. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार बंद करीत नसत आणि ज्या मुलीला यावेसे वाटे तिला येऊ देत. हितचिंतकांचे म्हणणे असे की वचन दिलेल्या संस्थेत हे दार बंद असायला हवे होते. रमाबाईंचे म्हणणे असे की इतरांना आपापला धर्म उघडपणे पाळता येतो तर मी माझा का लपवावा? माझ्या मते येथे दोन्ही बाजूंना वजन आहे. ज्यांचे भवितव्य सर्वस्वी आपल्या हातात आहे अशा मुलींसमोर उघडे ठेवलेले दार हे नुसते दार राहत नाही, आणि राजीनामा देणाऱ्यांना ढोंगी म्हणता येणार नाही. तरीही रमाबाईंच्या वागण्यात लपवाछपवी नव्हती, आणि या धाग्याच्या विषयाला तेवढे पुरेसे आहे.

रमाबाईंचा विचार करताना मला त्यांचे इंग्लंडमधले दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या नवख्या होत्या, परक्या देशात होत्या, लहान मुलगी मनोरमा बरोबर होती आणि सगळा आधार तेथील मठातल्या भगिनींचा होता. नंतर चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना भारतीय भाषा शिकवाव्यात असा विचार निघाला, तेव्हा भारतातल्या बिशपांनी त्याला हरकत घेतली, कारण पुरुषांना शिकवले तर मायदेशी त्यांच्या नावाला बट्टा लागेल असे त्यांचे मत होते. रमाबाईंनी आपल्या आध्यात्मिक माता असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांना जी पत्रे लिहिली त्यांत त्यांनी ही हरकत तर झुगारलीच, शिवाय एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्याचे जोखड मानेवर घेणार नाही, असेही स्पष्ट सांगितले. पुढाऱ्यांनी सांगितलेली श्रद्धा आणि पुढाऱ्यांची वागणूक यांतले अंतर दाखवणारी व्यक्ती बहुधा बाहेरची असते. रमाबाई आत येऊन दोन-तीन वर्षे झालेल्या असतानाच ते अंतर मोजू लागल्या होत्या. १८९७ साली पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांना जी वागणूक मिळत होती तिच्याविरुद्ध त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात लिहिले. राज्य ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे होते आणि त्यांच्या संस्थेचे पुष्कळसे देणगीदार इंग्रज-अमेरिकन होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पत्राचे धारिष्ट कळते.

आता दुष्काळ. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या त्या आपल्या कुटुंबाची स्मृती घेऊन, कारण त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या फेऱ्यातच अन्नावाचून गेले होते. त्यांनी बरोबर आणलेल्या शेकडो मुली आणि बायका पुण्यात ठेवता येईनात, म्हणून केडगावच्या शेतावर ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली, आणि १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या २०००च्या घरात गेली. उच्चवर्णीय विधवांसाठी काढलेल्या संस्थेत आता सगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवू लागल्या. येथे धर्मांतरे झाली, १९०५ साली तर मोठी धार्मिक जागृती झाली, आणि उपाशी माणसाच्या संमतीला किती अर्थ असतो, हा संशयात्मा यांचा प्रश्न माझ्यापाशीही शिल्लक राहतो. मी एवढेच पाहतो की त्या मुलींना पोटापुरते देऊन मोजदादीला लावले गेले नाही. त्यांना वाचायला शिकवले, विणकाम आणि शेती शिकवली, अंध स्त्रियांना ब्रेल शिकवली, आणि छापखाना चालवायला शिकवले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत केलेले बायबलचे भाषांतर त्याच छापखान्यात बायकांनी जुळवले आणि छापले. १९२१ साली मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या, आणि ते बायबल १९२४ साली बाहेर आले.

ईश्वरविद्यार्थी

चर्चेत एक जुना वाद आणणे आवश्यक वाटते, कारण या प्रश्नावर मंडळीने मोठे भांडण सतराशे वर्षांपूर्वीच केलेले आहे.

सम्राट डायोक्लेशनच्या छळात, म्हणजे ३०३ नंतरच्या काळात, उत्तर आफ्रिकेतल्या काही धर्मगुरूंनी जीव वाचवण्यासाठी पवित्र शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. छळ संपल्यावर कार्थेजला सेसिलियन हा बिशप झाला, तेव्हा त्याला दीक्षा देणाऱ्यांपैकी एक जण असा शास्त्र सोपवणारा होता, असा आरोप झाला. एका गटाने म्हटले की ज्याची श्रद्धा कसोटीच्या वेळी ढळली त्याच्या हातून दिलेली दीक्षा आणि बाप्तिस्मा रद्दच समजावेत. डोनाटस या पुढाऱ्याच्या नावावरून या गटाला डोनाटिस्ट म्हणतात. ३१४ साली आर्लच्या परिषदेने त्यांच्या विरुद्ध निर्णय दिला आणि पुढे हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्यामागचा विचार मांडला: संस्कार ख्रिस्ताचा आहे, देणारा केवळ हात आहे, आणि हात मळका असला म्हणून देणगी मळत नाही.

मला स्वतःला ऑगस्टीनचे म्हणणे पटते, कारण ते सामान्य भाविकाला आधार देते. ज्याने माझ्या लेकराला बाप्तिस्मा दिला तो पाळक उद्या अफरातफरीत सापडला तर लेकराचा बाप्तिस्मा रद्द होत नाही, एवढा दिलासा मंडळीतल्या शेवटच्या बाकावरच्या माणसाला हवा असतो. पण हा सिद्धांत भाविकाच्या दिलाशासाठी होता. पुढाऱ्यांनी तो स्वतःच्या बचावासाठी वापरला, ही खरी शोकांतिका आहे. ‘माणसाकडे पाहू नका, देवाकडे पाहा’ हे वाक्य ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच तोंडून ऐकावे लागते तेव्हा सावध व्हावे. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू शास्त्री-परूशांविषयी बोलताना, ते सांगतात ते करा पण ते करतात तसे करू नका, असे म्हणतो. शिकवण आणि शिकवणारा यांना त्याने वेगळे केले हे खरे, परंतु लगेच पुढे त्याच अध्यायात शिकवणाऱ्यांवर जो कोरडा ओढला आहे तो आपल्या व्यासपीठांवरून फारसा वाचला जात नाही.

अटलांटाकर

मी ज्या शहरात राहतो त्याच्या उपनगरात रवि झकरायस यांच्या संस्थेचे मुख्यालय होते. चेन्नईत जन्मलेला, दिल्लीत वाढलेला, तरुणपणी कॅनडाला गेलेला आणि अमेरिकेत नावारूपाला आलेला हा वक्ता आमच्या येथील मराठी ख्रिस्ती कुटुंबांतही आदराने ऐकला जाई. श्रद्धेचे बौद्धिक समर्थन करण्यात त्यांची बरोबरी करणारे थोडेच होते. मे २०२० मध्ये ते वारले तेव्हा स्मृतिसभेत अमेरिकेचे तत्कालीन उपराष्ट्रपती बोलले. फेब्रुवारी २०२१ मध्ये संस्थेनेच नेमलेल्या वकिलांचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि झकरायस यांनी मालिश करणाऱ्या स्त्रियांचे अनेक वर्षे लैंगिक शोषण केल्याचे त्यातून उघड झाले. त्याआधी २०१७ साली एका विवाहित स्त्रीने आरोप केला होता, तेव्हा झकरायस यांनी तिच्यावरच दावा लावला, तो गोपनीयतेच्या कराराने मिटवण्यात आला आणि संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली.

धागाकर्त्यांच्या कसोटीविषयी माझी हरकत येथूनच निघते. अहवाल आला तेव्हा संस्थेच्या प्रमुखपदी त्यांची मुलगीच होती. घरच्यांना विचारले असते तर त्यांनी मनापासून आणि खरेच वाटून त्यांची बाजू घेतली असती. खरे ठाऊक होते ते मालिश केंद्रांत काम करणाऱ्या स्त्रियांना, आणि त्यांना विचारायला कोणी गेले नव्हते. फ्रान्समध्ये जाँ व्हानिए यांच्याबाबत असेच घडले. मतिमंदांबरोबर आयुष्य काढणारे म्हणून ज्यांना जिवंतपणीच संत मानले गेले त्यांनी सहा स्त्रियांशी शोषणाचे संबंध ठेवल्याचे, ते गेल्यानंतर वर्षभराच्या आत, २०२० साली त्यांच्याच ‘लार्श’ संस्थेने प्रसिद्ध केले. संस्थेने स्वतः चौकशी करून ते जगासमोर ठेवले, याचे मात्र कौतुक केले पाहिजे.

म्हणून कसोटीत दुरुस्ती सुचवतो. साक्ष घरच्यांकडे मागण्यापेक्षा, पुढाऱ्याच्या सत्तेखाली जे आहेत आणि ज्यांचे म्हणणे कोणी खरे मानणार नाही, त्यांच्याकडे मागावी.

कुपारी

वसईकडून थोडे लिहितो. आमच्या कॅथलिक धर्मगुरूंना पत्नी-मुले नसतात, त्यामुळे घरची कसोटी आम्हांला जशीच्या तशी लागू होत नाही. अटलांटाकरांची दुरुस्ती मात्र लागू होते. एक सामान्य गैरसमजही दूर करावासा वाटतो. सगळेच फादर दारिद्र्याचे व्रत घेतात असे नाही. जेझुइटांसारख्या संघांतले धर्मगुरू दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेतात. धर्मप्रांताचे धर्मगुरू ब्रह्मचर्याचे आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतात. त्यामुळे साधेपणा हा आमच्या बहुतेक धर्मगुरूंसाठी नियम नसून निवड असते, आणि म्हणूनच ती निवड पाहण्यासारखी असते.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव येथे अजून कोणी घेतले नाही याचे आश्चर्य वाटले. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते, ‘सुबोध बायबल’ त्यांनी लिहिले आणि २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या पिढीला ते आठवतात ते हरित वसईच्या चळवळीमुळे. बागायती जमिनी बळकावल्या जात होत्या, विहिरींचे पाणी टँकरने बाहेर विकले जात होते आणि गुंडांच्या धाकाने लोक तोंड उघडत नव्हते, अशा काळात त्यांनी हिंदू-ख्रिस्ती शेतकऱ्यांना एकत्र करून मोर्चे काढले. जीवाला धोका आहे असे सांगणारे पुष्कळ होते. धर्मगुरूने चर्चपुरते पाहावे असे म्हणणारे तर चर्चमध्येच होते, आणि माझ्या मते ते सहन करणे गुंडांना सहन करण्याहून कठीण असते. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले तेव्हा नंदाखालला आलेल्या लोकांत चर्चला कधी न जाणारे किती होते, हे ज्यांनी पाहिले त्यांना वेगळा पुरावा लागणार नाही.

तरी एक कटू गोष्ट लिहिली पाहिजे. व्यक्ती कितीही चांगल्या असल्या तरी संस्था म्हणून आम्ही जातीच्या प्रश्नावर फार उशिरा बोललो. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित ख्रिस्ती लोकांविषयीचे धोरण डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर केले आणि मंडळीत भेदभाव व अस्पृश्यता चालते हे त्यात मान्य केले. दलित समाजातला पहिला कार्डिनल, हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला, २०२२ साली झाला. ख्रिस्तात सगळे एक आहेत हे आम्ही पोर्तुगीजांच्या काळापासून शिकवत आलो आहोत.

संशयात्मा

कुपारी यांच्या शेवटच्या दोन वाक्यांनी मला जे सांगायचे होते ते माझ्यापेक्षा चांगले सांगितले. रमाबाईंविषयी मी माझे मत थोडे मवाळ करतो. दार उघडे ठेवण्याविषयी माझी हरकत कायम आहे, पण प्लेगचे पत्र मला माहीत नव्हते आणि ते लिहिणारी बाई देणगीदारांच्या मर्जीवर चालणारी नव्हती, हे मान्य करावे लागेल. टिळकांविषयी मात्र माझे मत बदललेले नाही. १९१७ साली त्यांनी पगार सोडला तेव्हाही तो पगार एकट्याचा नव्हता. पाळकघरची ताईंनी विचारलेल्या प्रश्नाला धागाकर्त्यांनी अजून उत्तर दिलेले नाही.

माळीवाडा

उत्तर देतो. १८९५ आणि १९१७ या दोन निर्णयांत मी फरक करतो. पहिल्या वेळी लक्ष्मीबाई त्या निर्णयाच्या बाहेर होत्या आणि त्यांच्यावर तो कोसळला. त्याचे समर्थन मी करणार नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्या पुस्तकाचा कोणताही प्रामाणिक वाचक ते करू शकणार नाही. दुसऱ्या वेळेपर्यंत त्या स्वतः त्या श्रद्धेच्या वाटेकरी झालेल्या होत्या, अनाथ मुले त्यांच्याच घरात वाढत होती, आणि टिळकांच्या फकिरीचा खर्च काय येतो हे त्यांच्याइतके कोणाला कळत नव्हते. तरीही किंमत त्यांनीच मोजली, हे खरे. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि त्या काव्यातला फार मोठा भाग त्यांचा आहे. नवऱ्याच्या श्रद्धेविषयी खोलवर कडवटपणा असलेल्या स्त्रीने हे केले असते असे मला वाटत नाही. ही त्यांची साक्ष मी त्यांच्या आठवणींइतकीच महत्त्वाची मानतो.

अटलांटाकरांची दुरुस्ती मी स्वीकारतो. आमच्याकडे नेमणुकीच्या वेळी आधीच्या मंडळीकडून शिफारसपत्र मागवतात आणि ते लिहितात कमिटीचे सचिव, ज्यांना बहुधा तो पाळक आपल्या गावातून जायलाच हवा असतो. त्याऐवजी चर्चचा शिपाई, बोर्डिंगची स्वयंपाकीण आणि पाळकाकडे धुणीभांडी करणारी बाई यांच्याशी कोणी तासभर बोलले तर जास्त कळेल.

पाळकघरची

कल्पना चांगली आहे, पण त्या बाईला विचारणार कोण, आणि तिचे काम उद्या टिकेल याची हमी देणार कोण? मी वर म्हटले तेच येथेही लागू आहे. लक्ष्मीबाई इतक्या मोकळेपणाने लिहू शकल्या याचे एक कारण त्यांचा स्वभाव, आणि दुसरे कारण त्यांच्या पुस्तकाच्या सालातच आहे: टिळक १९१९ साली गेले आणि पहिला भाग १९३४ साली आला. मधल्या पंधरा वर्षांत त्या कोणाच्या पगारावर वा मर्जीवर अवलंबून असलेल्या पाळकीणबाई राहिलेल्या नव्हत्या. मला डायोसिसकडून हवे आहे ते असे की तक्रार ऐकणाऱ्या समितीत निम्मे लोक मंडळीबाहेरचे असावेत, त्यांत स्त्रिया असाव्यात, आणि पाळकाच्या कुटुंबाचे घर व मुलांची फी त्या समितीचा निर्णय काहीही लागला तरी वर्षभर चालू राहावी. हे लेखी असेल तर मीही माझ्या आईला विचारीन की तिने तेव्हा कोणाला काय सांगितले असते.

ईश्वरविद्यार्थी

ताई, घर आणि फी वर्षभर चालू ठेवण्याची सूचना मी आमच्या कॉलेजातल्या मंडळीशासनाच्या तासाला मांडणार आहे. तेथे डोनाटिस्टांवर तीन तास होतात आणि पाळकाच्या कुटुंबाच्या निवाऱ्यावर एकही होत नाही.